उसनी सोय

‘काम भागते ना, मग सॉफ्टवेअर बंदिस्त असले म्हणून काय बिघडले?’ मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांकडूनही हा प्रश्न ऐकू येतो, तेव्हा आम्ही २००२ सालाकडे बोट दाखवतो. त्या वर्षी लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सच्या संहितेतील बदलांची नोंद ठेवण्यासाठी ‘बिटकीपर’ हे बंदिस्त साधन स्वीकारले. ते उत्तम होते, फुकटही होते. एक अट मात्र अशी, की वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे साधन घडवू नये. रिचर्ड स्टॉलमन यांनी आक्षेप घेतला. अनेकांना तो हेकटपणा वाटला. २००५ मध्ये कंपनीने फुकट परवाना काढून घेतला आणि काम खोळंबले. तेव्हा कुठे टॉरवल्ड्स यांनी ‘गिट’ लिहायला घेतले.

साहित्याच्या अभ्यासकांना हे परके वाटू नये. जुन्या, स्वतंत्र संकेतनाच्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसेल तर आजही निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. संहिता आपली, किल्ली दुसऱ्याची!

पर्यायच नसेल तर बंदिस्त साधन जरूर वापरावे. परंतु तडजोडीला तडजोडच म्हणावे आणि पर्यायाचा शोध थांबवू नये. फुकट आणि मुक्त यांतला भेद विसरणे आम्हांस मान्य नाही.