कॅमेरा तपासायचा तर पहाटेच्या दवात तपासा

यंदाच्या छाटणीपासून एक नवीन छोटा डिजिटल कॅमेरा बागेत वापरतोय. १२ मेगापिक्सेलचा, पाण्यात भिजला तरी चालणारा, पानापासून १ सेंटीमीटरवर नेला तरी फोकस होणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. सांगायचंय ते शेतकऱ्याने कॅमेरा कसा पारखावा याबद्दल. दुकानाच्या उजेडात कुठलाही कॅमेरा छान फोटो काढतो. आपल्याला मात्र रोग-किडीचा फोटो लागतो, आणि रोग-कीड नेमकी फोटोला अवघड वेळीच दिसते.

द्राक्षातला डाऊनी घ्या. पानावर तेलकट पिवळा डाग, आणि रात्री ओलावा राहिला की सकाळी त्याच जागी पानाखाली पांढरी बुरशी. ऊन चढून पान सुकलं की ती पांढरी वाढ तितकी स्पष्ट राहत नाही. म्हणजे पुरावा पहाटे, मांडवाखालच्या अंधारात, दवाने ओल्या पानाच्या खालच्या अंगाला. म्हणून मी कॅमेरा तिथेच तपासला.

पहिली अडचण उजेडाची. उजेड कमी असला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात वाऱ्याने पान हललं की फोटो पुसट. आयएसओ वाढवला तर शटर लवकर मिटतं, पण फोटोत दाणे येतात. माझं मत, दाणेदार फोटो चालेल, हललेला चालणार नाही. दाण्यातूनही डागाची कड ओळखता येते. हललेल्या फोटोत काहीच उरत नाही. पानाला मागून हाताचा आधार दिला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरी अडचण फ्लॅशची. समोरून फ्लॅश मारला की दवाचे थेंब पांढरे चमकतात आणि फोटोत पानभर पांढरे ठिपके दिसतात. असा फोटो ग्रुपवर टाकला तर कोणी भुरी म्हणेल, कोणी डाऊनी. दोन्हींची औषधं वेगळी. भुरीवरचं गंधक डाऊनीला उपयोगाचं नाही. त्यापेक्षा छोटी बॅटरी बाजूने तिरकी धरा. तिरक्या उजेडात बुरशीचा कापूस उठून दिसतो आणि थेंब थेंबासारखा दिसतो.

तिसरी अडचण खोलीची. कॅमेरा इतक्या जवळ नेला की जेमतेम एक-दोन मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. फुलकिडा स्वतःच साधारण एक मिलिमीटरचा, तो डोलणाऱ्या घडावर पकडणं कठीण. माझ्या कॅमेऱ्यात वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो जोडून एक करायची सोय आहे. काम झकास करते, पण पान अगदी स्थिर असेल तरच. वाऱ्यात ती सोय विसरा. घड पांढऱ्या कागदावर झटका आणि कागदावरच्या फुलकिड्यांचा फोटो काढा.

चौथी अडचण शेडनेटची. हिरव्या जाळीखाली सगळ्या फोटोवर हिरवी छटा चढते आणि ढोबळीच्या पानाचा पिवळेपणा त्यात लपतो. अन्नद्रव्याची कमतरता फोटोवरून ओळखायची तर रंग खरा पाहिजे. चौकटीत एक कोरा पांढरा कागद ठेवा. कागद हिरवट दिसला की बघणाऱ्याला कळतं, रंगावर भरवसा ठेवायचा नाही. आणि एसी गाडीतून उतरून थेट पॉलिहाऊसमध्ये गेलात तर काचेवर वाफ धरते. कॅमेरा पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मग काढा.

आता कोणी म्हणेल, खिशात मोबाईल असताना हा खर्च कशाला? अख्ख्या प्लॉटचा फोटो मोबाईलच चांगला काढतो. ई-पीक पाहणीला तर मोबाईलच लागतो, कारण फोटोसोबत ठिकाणही नोंदवायचं असतं. पण कमी उजेडात बरेच मोबाईल दाणे घालवायला फोटो गुळगुळीत करून टाकतात, आणि त्यात बारीक खुणाही जातात. मक्यावरची अळी लष्करी आहे का, हे डोक्यावरचा उलटा ‘वाय’ आणि शेपटीजवळचे चौकोनातले चार काळे ठिपके बघून ठरतं. ते ठिपकेच दिसत नसतील तर फोटो काढून उपयोग काय? वर तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना आणखी दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तपशील टिकतो.

तरीही प्रत्येकाने कॅमेरा घ्यावा असं मी म्हणणार नाही. पाच-दहा जणांच्या गटात एक पुरतो. आणि घेताना मेगापिक्सेल बघून भुलू नका. तीन गोष्टी विचारा: किती जवळून फोकस होतो, ओल्या हाताने बटणं चालतात का, आणि चिखल लागला तर नळाखाली धुता येतो का.

सल्लागार मंडळींनाही एक विनंती. पुसट फोटोवर औषधाचं नाव सांगू नका, दुसरा फोटो मागा. चार फोटोंचा नियम करूया: पूर्ण प्लॉट, पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू. शेजारी मापाला पट्टी, आणि खाली तारीख, वेळ, शेवटची फवारणी कधी केली ते. पावसानंतर फुलोऱ्यातल्या बागेत दोन दिवस चुकीच्या औषधात गेले तर डाऊनी घडात शिरतो, आणि गेलेला घड कुठल्याच फवारणीने परत येत नाही. त्यापुढे दुसरा फोटो काढायला लागणारी पाच मिनिटं काहीच नाहीत.