बॅटरी हातात, तर फावडे कोण धरणार?



बाजारात बॅटरी घ्यायला गेले की दुकानदार पहिले काय सांगतो? "हिचा उजेड अर्धा किलोमीटर जातो." जागलीवर डुकरे हुसकायला लांबचा झोत लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण रात्रीचे बाकीचे सगळे काम हाताच्या अंतरावर असते. स्टार्टरच्या पेटीत उडालेला फ्यूज, थ्रेशरचा निसटलेला पट्टा, दांडाचे फुटलेले तोंड, अडलेली गाय. यातल्या प्रत्येक कामाला दोन हात लागतात आणि एक हात बॅटरीने अडवलेला असतो. मग बॅटरी जाते दातांत, नाहीतर मान आणि खांद्याच्या मध्ये. ४१५ व्होल्टच्या पेटीसमोर तोंडात बॅटरी धरून उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी अडाणी म्हणू नये. त्याची बॅटरी ज्याने बनवली, त्याने शेत पाहिलेले नाही.

आम्ही म्हणतो, उजेड किती यापेक्षा दिवा बसतो कुठे, हे मोठे. त्यामागे साधा हिशेब आहे. दिवा दुप्पट लांब गेला की कामावर पडणारा उजेड चौथाई होतो. दोन हातांवरचा दिवा एका हातावर आणून बसवला तर तोच उजेड चौपट होतो. म्हणजे कामाजवळ बसणाऱ्या दिव्याला लहान सेल पुरतो, तो जास्त वेळ चालतो आणि स्वस्तही पडतो. पांढरा एलईडी ज्यामुळे शक्य झाला, त्या निळ्या एलईडीच्या संशोधकांना २०१४ साली नोबेल मिळाले. शास्त्राने आपले काम केले. आता राहिले आहे ते आकडा, पट्टी आणि खाच यांचे काम.

दिवा बसवायच्या आपल्या जागा मोजू. पत्र्याची पेटी, ट्रॅक्टर, लोखंडी खांब येथे चुंबक चालतो. पेटी प्लास्टिकची आणि पाइप पीव्हीसीचा असेल तर तो कुचकामी. उभ्या पत्र्यावरून चुंबक घसरतो, म्हणून त्यावर रबराचा पातळ थर हवा. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे तापला की कायमचा दुबळा होऊ लागतो, तेव्हा तापलेल्या इंजिनावर तो लावू नये. माळ्याच्या मेढीला आणि बाभळीच्या फांदीला आकडा हवा. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला कपाळावरचा दिवा काय कामाचा? तिला तो कमरेला हवा. आणि काचेला चिकटणारी ती रबरी वाटी काळ्या मातीची धूळ बसलेल्या कोणत्या वस्तूला चिकटणार आहे?

या सगळ्यावर आमची सूचना अशी की दिव्याच्या पाठीला दोन रुंद खाचा ठेवाव्यात. त्यातून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, सुतळी, गमछा, काहीही ओवता येईल. चुंबक आणि आकडा त्याच खाचांत बसतील आणि निघतील. पट्टी तुटली तर दुसरी घरातच आहे.

कपाळावरचा दिवा दुरुस्तीला चांगला. पण चालताना उजेड डोळ्यांच्या रेषेतून पडला की वस्तूची सावली तिच्याच मागे लपते आणि सरीतला साप ढेकळांत मिसळून जातो. दिवा कमरेला किंवा गुडघ्याला असला की सावली लांब पडते आणि नजर तिथे अडते. हा जिवाचा प्रश्न आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. मण्यार तर रात्रीच फिरते. शिवाय उजेडावर किडे येतात, हे कपाशीत प्रकाश सापळा लावणाऱ्याला सांगायला नको. ते कपाळावर कशाला? निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळ्या उजेडावर किडे कमी येतात, म्हणून पिवळ्या उजेडाची सोय असावी.

बॅटरी मरते ती बहुधा सेलमुळे. चार्जिंगच्या बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांत शिशाचा सेल असतो. हंगाम संपून चार महिने तशीच पडून राहिली की तो बसतो. लिथियमचा सेल जास्त टिकतो, पण तो साधारण ४५ अंशांच्या वर तापलेला असताना चार्ज करू नये. मे महिन्यात आपला पत्रा त्याहून जास्त तापतो. म्हणून सोलर प्लेट वेगळी आणि दिवा वेगळा हवा. प्लेट उन्हात, दिवा सावलीत, मध्ये वायर. सेल चिकटवून बंद केलेला नसावा. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, १८६५० नावाचा सेल जगभर वापरात आहे. चार स्क्रू काढून तो घरी बदलता आला पाहिजे.

काही कार्यकर्ते विचारतील, चांगला दिवा मागणे म्हणजे रात्रीच्या विजेला मान्यता देणे नाही का? शंका रास्त आहे. दिवसा विजेसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. जिथे ती वीज पोहोचलेली नाही, तिथली मागणी तसूभरही मागे घ्यायची नाही. पण ज्याच्याकडे विहीरच नाही, त्या कोरडवाहूवाल्याचे काय? त्याची पाळी रानडुकरे आणि रोही ठरवतात. हुरड्यात आलेली ज्वारी राखायला त्याला रात्री जावेच लागते.

मात्र दिवे फुकट वाटा, अशी मागणी मुळीच नको. फुकटच्या मालाचे गिऱ्हाईक वाटणारा असतो आणि माल त्याच्या पसंतीने बनतो. आपण पैसे मोजू आणि अटी आपल्या घालू.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली एक बंद पडलेली बॅटरी आणावी. ती कोणत्या कामाला वापरली, कशाने बांधली आणि कशाने बंद पडली, हे चिठ्ठीवर लिहून तिलाच बांधावे. तो ढीग घेऊन आपण आयटीआयच्या निदेशकांकडे आणि गावच्या वेल्डिंगवाल्याकडे जाऊ. नमुना ते करतील. पास-नापास आपण ठरवू. चिखलाच्या बोटाने बटण दाबता आले पाहिजे आणि अंधारात, एकट्या माणसाला, दोन्ही हातांनी बंद थ्रेशरचा पट्टा चढवता आला पाहिजे. जो दिवा हे करू देईल, तोच आपण विकत घ्यायचा.