बंदुकीचा कारागीर आणि परवान्याचा कागद

कंधारचा भुईकोट किल्ला पाहावयास येणारा मनुष्य खंदक पाहतो, तट पाहतो आणि तोफांसाठी बांधलेल्या बुरुजांपाशी थबकतो. राष्ट्रकूटांच्या काळापासून नांदत्या असलेल्या या गावाचा किल्ला 1631 मध्ये मोगलांनी घेतला. त्या काळच्या दख्खनेत किल्ल्याचे बळ तटाच्या जाडीइतकेच तोफेच्या ओतकामावर अवलंबून असे. मुलूख मैदान ही विख्यात तोफ 1549 मध्ये अहमदनगरात ओतली गेली, मराठवाड्यातील परांडा किल्ल्यावर राहिली आणि तेथून 1632 मध्ये विजापुरास नेण्यात आली. तोफ नेणाऱ्या सरदारांची नावे बखरींत राहतात. ओतारी, लोहार, शिकलगार आणि दस्ते घडविणारे सुतार यांची नावे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. हत्यार राज्याचे आणि हात कारागिराचे, अशी ही जुनी वाटणी आहे. त्या हातांना आजच्या कायद्यात जागा कोणती, हा प्रश्न मात्र अजून कोणी धडपणे विचारलेला नाही.

तालुक्याच्या गावातील एखाद्या लेथवाल्याचे उदाहरण घ्यावे. पाणबुडी पंपाचा दांडा, ट्रॅक्टरची झिजलेली पिन, मळणीयंत्राचे तुटलेले दातेरी चाक असे जे शहरात मिळत नाही, ते तो स्वतः घडवून देतो. एखादे दिवशी ओळखीचा शेतकरी आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक घेऊन येतो. परवाना पिकाच्या रक्षणासाठी, पण आतली कमान मोडलेली आणि चाप ढिला. मूळ बनविणाऱ्याचा सुटा भाग मिळण्याची आशा नाही, कारण 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झालेली आहे. लेथवाला दोन संध्याकाळ खर्चून कमान घडवितो, बसवितो आणि बंदूक चालू लागते. पुढच्या महिन्यात दुसरा शेतकरी येतो. मग त्याच्या मनात साहजिकच येते की, हात बसला आहे, गिऱ्हाईक येते आहे, तर याचाच धंदा का करू नये?

या प्रश्नात वावगे काहीच नाही. बहुतेक सारे धंदे असेच जन्मास आले. सायकल दुरुस्त करणाऱ्याने सायकलचे दुकान काढले, रेडिओ उघडून पाहणाऱ्या पोराने पुढे रेडिओचे दुकान थाटले. आधी छंद, मग शेजाऱ्याचे काम, मग पाटी, ही आपल्याकडील उद्योगाची पायवाट आहे. बंदुकीच्या बाबतीत मात्र ती पायवाट पहिल्याच पावलाला तुरुंगाच्या दाराशी जाते, आणि ही गोष्ट त्या लेथवाल्याला बहुधा कोणी सांगितलेलीच नसते.

1959 चा शस्त्र अधिनियम या बाबतीत निःसंदिग्ध आहे. त्याच्या पाचव्या कलमान्वये बंदूक बनविणे, विकणे, तिच्यात बदल करणे, दुरुस्त करणे किंवा तिची चाचणी घेणे यांपैकी काहीही परवान्यावाचून करता येत नाही. नळी आखूड करण्यास आणि खोट्या बंदुकीची खरी करण्यास सहावे कलम आडवे येते. शस्त्र या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भाग येतात आणि ती बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. 2019 च्या दुरुस्तीने परवान्यावाचून निर्मिती व दुरुस्ती करणाऱ्यास किमान सात वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा ठरविली. शेतकऱ्याजवळ बंदूक बाळगण्याचा परवाना होता, हा लेथवाल्याचा बचाव होऊ शकत नाही. बाळगण्याचा परवाना निराळा आणि दुरुस्तीचा निराळा. मालकाने बंदूक पुसावी, तेल द्यावे, कोरडी ठेवावी. तिच्या आतील कळ बदलावयाची तर ते काम परवानाधारक कारागिराचेच.

अमेरिकेत ही रेषा वेगळ्या जागी ओढलेली आहे. तेथील 1968 च्या संघीय कायद्याने बंदुकांच्या व्यवसायास परवाना आवश्यक केला. स्वतःच्या बंदुकीवर स्वतः काम करणाऱ्यास तसा परवाना लागत नाही. त्यामुळे घरच्या खोलीत वर्षानुवर्षे हात घासून मग दुकान काढावे की काय, असा विचार तेथील हौशी कारागीर उघडपणे करू शकतो. भारतात रेषा धंद्याच्या उंबरठ्यावर नाही, ती कानशीच्या पहिल्या घासणीवर आहे. परदेशी पुस्तके वाचून किंवा चित्रफिती पाहून जो तरुण या वाटेला लागेल, त्याने हा भेद आधी समजून घेतला पाहिजे.

ही कडक रेषा अन्याय्य आहे काय? कारागिराविषयी कितीही सहानुभूती असली तरी उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल, आणि ते देण्यास मराठवाड्याइतका अधिकारी प्रदेश दुसरा नाही. 1947-48 मध्ये खाजगी सैन्याच्या हाती शस्त्रे गेली म्हणजे गावांवर काय गुदरते, हे रझाकारांच्या काळात या भूमीने पाहिले. सिडने कॉटन या वैमानिकाने निजामासाठी विमानांतून चोरटी शस्त्रे आणली, ती याच काळात. 17 सप्टेंबर 1948 रोजी ते पर्व संपले, तरी त्याची आठवण अनेक घरांत अद्याप आहे. अलीकडच्या वर्षांत नांदेड शहरानेही खंडणी आणि गोळीबार यांची दहशत सोसली आहे. भांडण कोणत्या गावात होत नाही? बांधावरच्या भांडणात हाती काठी असली तर डोके फुटते आणि गावठी कट्टा असला तर घर बसते.

दुसरे कारण निव्वळ कारागिरीचे आहे. बारा बोअरच्या साध्या काडतुसाचा बार उडतो तेव्हा नळीच्या मागील भागावर चौरस इंचाला चार-पाच टनांच्या घरात दाब येतो, आणि तो भाग बार उडविणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. पंपाचा दांडा चुकला तर पाणी थांबेल. येथे चूक झाली तर डोळा जाईल, हात जाईल किंवा शेजारी उभा असलेला मुलगा जाईल. म्हणूनच बर्मिंगहॅमच्या बंदूक-व्यवसायाने 1813 मध्ये कायद्याने परीक्षागृह स्थापन करून घेतले. नेहमीपेक्षा जड बार भरून नळी तावून सुलाखून घ्यावयाची आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का उठवावयाचा, ही ती पद्धत. पोलादाच्या आतील बारीक तडा उघड्या डोळ्याला दिसत नाही. लेथवाल्याचा हात कितीही सफाईचा असो, त्याच्या कामाची परीक्षा त्याने स्वतःच घेणे पुरेसे नाही.

तेव्हा परवाना हवाच. परंतु दाराला कुलूप असणे वेगळे आणि भिंतीला दारच नसणे वेगळे. दुरुस्तीसाठी परवाना पाहिजे, परवान्यासाठी कौशल्य पाहिजे आणि कौशल्य मिळविण्यासाठी ज्या वस्तूला हात लावावयाचा तिला परवान्यावाचून हात लावता येत नाही. या चक्रातून सुटण्याची एकच वाट उरते. आधीच परवाना असलेल्या जुन्या दुकानात उमेदवारी करणे. अशी दुकाने मुळात मोजकी, ती मोठ्या शहरांत, आणि बहुधा बापाकडून मुलाकडे जाणारी. कंधारच्या तरुणाला तेथे कोण बोलावणार?

नांदेडमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंह यांनी जेथे देह ठेवला, त्या या शहरात शिकलीगर शीख समाजाची वस्ती आहे. शस्त्रे घडविणे आणि त्यांना पाणी देणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. ब्रिटिशांनी 1878 च्या कायद्याने आपल्या मुलखातील प्रजेची हत्यारे परवान्याखाली आणली. निजामाच्या राज्याचा कारभार वेगळा होता, पण काळाचा ओघ तोच. तलवारीची गरज संपली आणि शस्त्र घडविणारा हात बादल्या, चाळण्या, विळ्या-सुऱ्या आणि कुलपांच्या किल्ल्या यांकडे वळला. या समाजातील काहीजण चोरट्या हत्यारांच्या प्रकरणांत सापडले की सारी वस्तीच संशयाच्या नजरेने पाहिली जाते. हा उघड अन्याय आहे. गुन्हा व्यक्तीचा असतो, जमातीचा नसतो. मात्र पिढ्यान्पिढ्यांचे कसब ज्या समाजाच्या बोटांत आहे त्याला त्या कसबाचा कायदेशीर उपयोगच ठेवला नाही, तर ते कसब विकत घेण्यास गुन्हेगार टपलेला असतो, हेही विसरता येत नाही.

बिहारमधील मुंगेर या धोक्याचे ढळढळीत उदाहरण आहे. अठराव्या शतकात मीर कासिमने तेथे शस्त्रांचे कारखाने उभे केले. ती परंपरा पुढे परवानाधारक बंदूक-कारखान्यांच्या रूपाने टिकली. मागणी आटली, कायदेशीर काम कमी झाले आणि मुंगेरचे नाव देशभर चोरट्या पिस्तुलांशी जोडले गेले. कारागिराची कला अशी सहजासहजी नाहीशी होत नाही. उजेडात काम न मिळाले तर ती अंधारात जाते.

आता व्यवहाराचा हिशेब. परवाना मिळाला असे क्षणभर धरले, तरी एकट्या बंदूक-दुरुस्तीवर कंधारसारख्या गावी संसार चालणे कठीण आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपविला. पिकात शिरणारे रानडुक्करदेखील वनखात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. परवानाधारक थोडे, त्यांच्या बंदुका वर्षातून क्वचित उडणार आणि निवडणूक लागली की अनेकांना त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागणार. अशा धंद्यात दहा पिढ्यांची कला आणि दहा दिवसांचे काम अशी गत होते. शहाण्या कारागिराने लेथ हेच पोटाचे साधन मानावे आणि बंदूक हे परवान्यासह आले तरच घ्यावयाचे जोडकाम समजावे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या कमी शक्तीच्या छर्‍याच्या बंदुका तेवढ्या वेगळ्या. पूर्वी कंधार तालुक्यात असलेल्या आणि आता लोहा तालुक्यात गेलेल्या माळेगावसारख्या यात्रांत फुगे फोडण्यासाठी असल्या बंदुका मांडलेल्या असतात. 2016 च्या नियमांतील मर्यादेत बसणारी अशी बंदूक बाळगण्यास परवाना लागत नाही. हौशी हाताला ती शिकण्यासाठी बरी. तरी तेथेही दुरुस्तीची पाटी लावण्यापूर्वी शासकीय कचेरीतून लेखी उत्तर घेणे शहाणपणाचे ठरेल.

शासनाचे वागणे मात्र या बाबतीत विसंगत आहे. 1956 च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारच्या हाती राखली होती. 2001 मध्ये संरक्षण-उत्पादनाचे क्षेत्र खाजगी भांडवलास खुले झाले. 2017 मध्ये नियम आणखी सैल करून कारखान्याला दीर्घ मुदतीच्या परवान्याची सोय झाली. देशाच्या संरक्षणासाठी हे आवश्यक असेल. परंतु कोट्यवधींचे भांडवल घेऊन येणाऱ्यास जे दार सताड उघडले, त्याच घराच्या मागच्या दाराशी कानस आणि शेगडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी पाहिलेच नाही. जड लोखंडाला मोकळीक आणि हलक्या हाताला जन्मठेप, हा न्याय अपुरा आहे.

यावर उपाय कायदा सैल करणे हा नव्हे, शिक्षणाची शिडी लावणे हा आहे. पोलीस दलाजवळ हत्यारे सांभाळणारे आर्मोरर आहेत, सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेले तंत्रज्ञ आहेत, तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि खडकी, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथे आयुध निर्माणी आहेत. त्या निर्माणी 2021 पासून सरकारी कंपन्यांच्या रूपाने चालतात. निवडक उमेदवारांना, त्यांत शिकलीगर तरुणांना आवर्जून घेऊन, पोलिसांच्या देखरेखीखाली दुरुस्तीचे शिक्षण देणे, परीक्षा घेणे आणि उत्तीर्ण झालेल्यास ठरावीक जागी, नोंदवहीसह, तपासणीच्या अटीवर दुरुस्तीचा परवाना देणे अशक्य आहे काय? जिल्ह्यास असे दोन कारागीर मिळाले तरी शेतकऱ्याची जुनी बंदूक अडाणी हातात जाणार नाही आणि पोलिसांनाही कोणती बंदूक कोणाच्या हातून गेली हे कळेल. परवाना न मिळणाऱ्यांसाठी निर्माणींतील आणि खाजगी कारखान्यांतील सूक्ष्म यंत्रकामाची नोकरी हा राजमार्ग आहे. ज्या बोटांनी चापाची कळ बसविता येते, त्या बोटांना शल्यक्रियेची उपकरणे किंवा मोजमापाची यंत्रे घडविता येणार नाहीत असे मुळीच नाही.

तोपर्यंत कंधारच्या लेथवाल्याने काय करावे? ओळखीचा शेतकरी पुन्हा मोडकी बंदूक घेऊन आला, तर ती घेऊ नये. नकाराने ओळख दुखावेल, चार पैसे बुडतील, कदाचित भेकड म्हणून हसे होईल. परंतु परवान्याच्या कागदावाचून केलेले चांगले कामही त्याला सात वर्षे घरापासून दूर नेऊ शकते. त्याचा नकार हे नागरिकाचे कर्तव्य होय. त्या नकारानंतर त्याच्या हाताला दुसरी उजळ वाट दाखविणे हे शासनाचे कर्तव्य, आणि ते अजून बजावले जावयाचे आहे.