रेडिओ बोलतो, पण ऐकतो का?

वाचकहो, तुमच्या घरातला रेडिओ शेवटचा कधी वाजला? बहुतेकांचं उत्तर येईल, 'साहेब, तो कधीच माळ्यावर गेला.' आमच्या घरी तो चामडी पिशवीत घालून गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असे. संध्याकाळी धारा काढताना वडील सांगली केंद्र लावत. बाजारभाव, हवामान आणि शेतकऱ्यांचा कार्यक्रम झाला की मगच जेवण. पुढे मी शेतीची पदविका घेतली, खात्यात लागलो, त्यात त्या रेडिओचाही थोडा हात आहे. पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. तज्ज्ञ त्यांचं त्यांचं बोलून जायचे. वडील मध्येच म्हणायचे, 'अहो, पण आमच्या मुरमाड रानात हे जमायचं कसं?' ते फक्त म्हशीला ऐकू जायचं.

खरं म्हणजे रेडिओला उलटा प्रश्न विचारण्याची सोय आपल्याच मुलखात सुमारे ७० वर्षांपूर्वी झाली होती. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून, युनेस्कोच्या मदतीने, ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. मराठी भाषिक पाच जिल्ह्यांतली १५० गावं त्यात होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातलं मंडळ एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद झाला की चर्चा करायचं, आणि त्यातून निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचं. उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्याचं सूत्र होतं. १९५९ पासून अशी मंडळं देशभर निघाली, आणि पुढे हळूहळू मागे पडली. रेडिओ राहिला, पारावरची बैठक मोडली.

आता परिस्थिती पुन्हा बदलली आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठात होते. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही आपलं केंद्र काढण्याची मुभा दिली. २००८ साली म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. बारामतीत 'वसुंधरा वाहिनी' आहे, जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी' आहे. अशा केंद्राचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. म्हणजे आपला आठवडे बाजार जेवढा, तेवढाच त्याचा मुलूख. पण बोलणारा आणि ऐकणारा एकाच एस.टी.तून येतात-जातात, ही त्याची खरी ताकद आहे.

ती ताकद मला कळली ती माझी फजिती झाल्यावर. मक्यावरच्या लष्करी अळीबद्दल बोलायला मी एका स्थानिक केंद्रावर गेलो होतो. खात्याची घडीपत्रिका पुढे ठेवून वाचून दाखवली. 'प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्यास' वगैरे. लगेच एका बाईचा फोन आला. 'साहेब, ती पातळी कुठं असती? रानात दिसंल का?' स्टुडिओतली पोरं हसली. मी ओशाळलो. मग कागद बाजूला सारला आणि म्हटलं, 'ताई, रोप लहान असताना रानात फिरून शंभर झाडं मोजा. पाचांच्या पोंग्यात अळी किंवा ताजी खाल्लेली पानं दिसली की उपाय करायचा.' त्यावर त्या म्हणाल्या, 'असं सांगा की! आमची सासू पोंग्यात राख-माती टाकायची.' मी सांगितलं, शास्त्रही जवळपास तेच सांगतं. पहिल्या महिन्याभरात नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना मिसळून पोंग्यात टाकायची शिफारस आहे. दुसऱ्या आठवड्यात गावात गेलो तर चौघांनी तोच विषय काढला. माझ्या वर्षभराच्या सभांमधून जे झालं नव्हतं, ते त्या दोन मिनिटांच्या बोलण्यानं झालं.

कुणी विचारेल, 'शेतीचं ठीक, पण हे ओव्या, यात्रा, गजीनृत्य कशाला?' मलाही आधी तसंच वाटायचं. पण मेंढपाळ माणसाला 'आंत्रविषाराच्या लसीवर चर्चा आहे, या' म्हटलं तर तो येत नाही. 'धनगरी ओवी म्हणायला या' म्हटलं तर येतो, आणि ओवी संपल्यावर मेंढरांची लस पावसाळ्याआधी का टोचायची, हे त्याच्याच तोंडून निघतं. शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेबद्दल, मुंगी घाटातून चढणाऱ्या कावडींबद्दल बोलता बोलता वाटेवरच्या पाण्याचा विषय आपोआप येतो. जात्यावरची ओवी म्हणणारी आजी सुनेच्या बाळंतपणाचं बोलते, ते ऐकून शेजारीण दवाखान्यात जाते. संस्कृती आणि प्रश्न ही दोन वेगळी खाती कागदावर. माणसाच्या घरात ती एकाच चुलीपुढं बसलेली असतात.

'आता मोबाईल आहे की!' हेही खूप ऐकतो. आहे, आणि मीही वापरतो. पण गावातल्या व्हॉट्सअॅप गटात बाया किती, हे मोजून बघा. खुरपताना, भाकरी थापताना पडद्याकडे बघता येत नाही. कानाला मात्र मोकळीक असते. शिवाय मोबाईलवर आलेल्या औषधाच्या संदेशाचा धनी कोण, हे कळत नाही. केंद्रावर चुकीचं बोलणाऱ्याला शनिवारच्या बाजारात धरून जाब विचारता येतो.

तरी सगळं गोड आहे, असं नाही. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा द्याव्या लागतात. पाणी सुटण्याची वेळ सांगता येते, पण ते महिनाभर का सुटलं नाही, याची बातमी करता येत नाही. ज्या तालुक्यात टँकरवर दिवस काढावे लागतात, तिथे हे बंधन बोचतं. हे नियम सैल व्हायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत माझं, खात्याचं नव्हे.

दुसरा दोष आपला आहे. गप्पांच्या नावाखाली सत्कार चालू होतात. पुढारी, अधिकारी आणि तेच ते प्रगतिशील शेतकरी. वस्तीवरचा माणूस, ऊसतोडीहून परतलेलं जोडपं, वाट्यानं रान करणारा, यांचा आवाज कमीच. पाण्याच्या वाटणीवरून भांडण आहे, वस्तीला रस्ता नाही, असे विषय निघाले की 'वाद नको' म्हणून गाणं लावतात. वाद नको हे खरं, पण ज्यावर गाव रोज कुजबुजतं तेच रेडिओवर नसेल, तर लोक तो का ऐकतील?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. जिथं असं केंद्र ऐकू येतं, तिथं प्रत्येक वाडीवस्तीवर दहा-बारा जणांनी, त्यात निम्म्या बाया, आठवड्यातून एकदा एकत्र बसून ऐकावं आणि एक प्रश्न लिहून पाठवावा. प्रश्न आमच्या खात्याचा असेल तर आम्ही, विजेचा असेल तर त्यांनी, पुढच्या आठवड्यात केंद्रावर येऊन उत्तर द्यावं. उत्तर नसेल तर 'नाही' असं सांगावं. 'बघतो', 'वर कळवतो' यापेक्षा ते बरं. आणि जिथं केंद्र नाही, तिथल्या महाविद्यालयांनी, संस्थांनी, कृषी विज्ञान केंद्रांनी अर्ज तरी करावा.

माझे वडील आता थकले आहेत. त्या दिवशी मी केंद्रावर बोललो, ते ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवलं. बाईंचा प्रश्न आला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, 'मी इतकी वर्षं हेच म्हणत होतो. तुमच्या लोकांना ऐकू येत नव्हतं.'

वाचकहो, आता ऐकू जाईल अशी सोय आहे. तुम्ही विचारा. आम्हाला उत्तर द्यायला लावा.