शंभर टक्क्यांचा फ्लेक्स

दहावीचा निकाल लागला आणि चौकाचौकांत फ्लेक्स चढले. 'यशाची परंपरा कायम', खाली ठळक शंभर टक्के, आणि संस्थाध्यक्षांचा फोटो पहिल्या आलेल्या मुलीच्या दुप्पट. (अध्यक्षांनी कोणता पेपर दिला होता, ते फ्लेक्सवर नसतं.) फ्लेक्सवर आमचा राग जुनाच आहे; या खेपेला राग त्यावरच्या आकड्याचा आहे.

हे शंभर टक्के परीक्षेला बसलेल्यांचे असतात, शाळेत आलेल्यांचे नव्हे. शिक्षणहक्क कायद्याचं छत्र आठवीपर्यंत. नववीत शाळेचा हात मोकळा होतो. गणितात कच्च्या मुलाला तिथेच अडवता येतं, किंवा पालकांना बोलावून 'सतरा नंबरचा फॉर्म भरा' असं गोड शब्दांत सुचवता येतं. मग तो खासगी विद्यार्थी होतो आणि फ्लेक्सला डाग लागत नाही. सगळ्याच शाळा असं करतात असं नाही, पण फ्लेक्स पाहून कोणती करते आणि कोणती नाही, ते कळायला मार्ग नाही. दहावीचा निरोप समारंभ थाटात होतो. नववीत गळलेल्याला कोणी गुलाबाचं फूल देत नाही.

शिवाय टक्केवारी ही चीजच लवचिक. राज्याचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, तो 77.10 वर आला. 2020 मध्ये ते गुण परत दिले आणि निकाल 95.30 वर गेला. एवढ्यात मुलं मठ्ठ झाली आणि पुन्हा हुशार झाली, असं कोणी म्हणणार नाही.

यावर शिक्षक म्हणतील, वर्गात साठ मुलं, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं, निकाल घसरला की खुलासा आम्हालाच द्यायचा. तक्रार खरी आहे, पण ती वरच्यांकडे न्यायची, की मागच्या बाकावरच्या पोराच्या माथी मारायची? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: कच्च्याला पुढे ढकलणं ही फसवणूकच, एक वर्ष थांबला तर पाया पक्का होईल. होईलही, त्या वर्षात वेगळं काही शिकवलं तर. तेच पुस्तक, तीच 'ड' तुकडी आणि तोच शिक्का घेऊन बसलेला मुलगा दिवाळीनंतर कामाला लागतो आणि मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात होते.

परंपराच सांगायची तर साताऱ्याची सांगावी. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह. ते चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. 'कमवा आणि शिका' ही योजना फी भरू न शकणाऱ्यांसाठी होती. ज्याला घरून काहीच पाठबळ नाही तो पोरगा आधी धरायचा, हा तिथला शिरस्ता. आज ज्या पोराला जादा तास हवेत, त्याला आपण फॉर्म देतो.

तेव्हा प्रवेशाला जाल तेव्हा निकाल विचारू नका. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुलं होती आणि यंदा त्यांतली किती दहावीला बसली, एवढंच मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर त्यांच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे.