कोपऱ्यावरचा तंटा

जमिनीच्या सीमेवरून माजणारे कलह केवळ आपल्याकडील बांधाच्या भांडणांपुरते मर्यादित नाहीत. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, एल्क माउंटन या पहाडाच्या परिसरात, एक धनाढ्य जमीनमालक व चार शिकारी यांच्यात २०२१ साली जुंपलेला तंटा चार वर्षे चालला. २० ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा अर्ज ऐकण्यास नकार दिला, तेव्हा कोठे तो संपला. वादाची जागा म्हणजे चार हद्दी जेथे मिळतात तो एक बिंदू! परंतु त्या बिंदूपलीकडे हजारो एकर सार्वजनिक भूमी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रकरणाचे गांभीर्य कळून येईल.

या तंट्याचे मूळ शिकारीत नसून इतिहासात आहे. १८६२ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दुतर्फा जमिनी बहाल केल्या. त्या सलग मात्र दिल्या नाहीत. ६४० एकरांचा एक चौकोन कंपनीला, त्यालगतचा सरकारकडे, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी वाटणी झाली. कंपन्यांची घरे पुढे खासगी मालकांकडे गेली. सरकारची बहुतांश सार्वजनिकच राहिली. अशा पटावर एका सरकारी घरातून दुसऱ्यात जावयाचे, तर उंटाच्या चालीने तिरके, कोपऱ्यावरूनच जावे लागते. शिकाऱ्यांनी तेच केले. मोजणीची खूण शोधून तीवर शिडी उभी केली आणि मालकाच्या मातीला पाय न लावता ते पलीकडे उतरले.

मालकाचे म्हणणे असे की, भूमी ज्याची त्यावरचे आकाशही त्याचेच. सबब हे अतिक्रमण होय. २०२२ साली फौजदारी खटल्यात ज्यूरीने शिकाऱ्यांना निर्दोष ठरविले. लक्षावधी डॉलरांच्या भरपाईचा दिवाणी दावाही २०२३ साली फेटाळला गेला आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. राज्याच्या कायद्यानुसार हे अतिक्रमण ठरले असते, हे अपील न्यायालयाने मान्य केले. परंतु सार्वजनिक भूमी कोंडण्यास मनाई करणारा १८८५ चा केंद्रीय कायदा त्याहून वरचढ आहे, असा निर्वाळा दिला. बड्या पशुपालकांनी सरकारी कुरणांना कुंपणे घातली, म्हणून तो कायदा झाला होता.

मालकाची बाजू सर्वस्वी पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. खासगी कोपऱ्यावरून सरकारला मोबदल्यावाचून रस्ता बांधता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९७९ साली ठरविले होते. बंदूकधारी अनोळखी माणसे हद्दीवर वावरू लागली, तर कोणाही मालकाला चिंता वाटणारच. परंतु रस्ता बांधणे वेगळे आणि क्षणभर कोपरा ओलांडणे वेगळे. स्वतःच्या भूमीचे रक्षण करण्याचा हक्क निर्विवाद आहे. त्या हक्काचे कुलूप करून शेजारची सार्वजनिक भूमी आपल्या उपभोगासाठी राखून ठेवण्याचा हक्क मात्र कोणालाही असू शकत नाही. ती भूमी मालकाने कधी विकत घेतलेलीच नव्हती! शिकारीविषयी कोणाचे मत काहीही असो, हे तत्त्व वनविहारास निघालेल्या नागरिकालाही तितकेच लागू आहे.

तथापि या विजयाने हुरळून जाण्याचे कारण नाही. अर्ज नाकारणे म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने गुणावगुणांवर निर्णय देणे नव्हे. अपील न्यायालयाचा निकाल त्याच्या अधिकारक्षेत्रातील सहा राज्यांनाच बंधनकारक आहे. शेजारचे मोंटाना राज्य त्याबाहेर असून, तेथील वन्यजीव खात्याने असे ओलांडणे बेकायदेशीरच असल्याची भूमिका घेतली आहे. एका नकाशा-कंपनीच्या अंदाजानुसार पश्चिमेकडील सुमारे ८३ लक्ष एकर सार्वजनिक भूमी अशी कोपऱ्यांत अडकलेली आहे. एकच कृत्य राज्याच्या सीमेअलीकडे हक्क आणि पलीकडे अपराध ठरावे, ही स्थिती शोभादायक नव्हे.

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये शेताकडे जाण्यास बांधावरून वाट मिळवून देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. त्याची अंमलबजावणी रेंगाळते, ही गोष्ट निराळी. पण वाटेवाचून जमीन व्यर्थ, हे तत्त्व कायद्याने ओळखले आहे. अमेरिकेत पट मांडला तो सरकारने. तेव्हा चालीचे नियमही त्यानेच निःसंदिग्ध कायद्याने घालून द्यावयास हवेत. जनतेला आपल्याच भूमीत शिरण्यासाठी शिडी आणि वकील दोन्ही बरोबर न्यावे लागावेत, हे लोकशाही राज्याला भूषणावह नाही.