ढेकूण आणि अब्रू

परवा शेजारच्या वहिनी दार लोटून घेत अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘भाऊजी, कुणाला सांगू नका, आमच्याकडे ढेकूण झालेत.’’ मी म्हटले, ‘‘वहिनी, आमच्याकडेही झालेत. आम्हीही कुणाला सांगितले नव्हते!’’ महिनाभर एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही एकच शत्रू लपवीत होतो.

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. तिथे ढेकूण ही लाजेची बाब नव्हती. तो मे महिन्यातला कार्यक्रम होता. गाद्या गच्चीवर, खाटा चौकात. आई खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतायची. सगळी चाळ एकाच दिवशी कामाला लागे, म्हणून पुढे काही दिवस तरी सुखाची झोप मिळे.

मग डीडीटी आले. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियासाठी घरोघर फवारणी झाली. ढेकूण संपलाच, असे जगाला वाटू लागले. पण १९४७ मध्येच पर्ल हार्बरच्या बराकीत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. पुढे आलेली पायरेथ्रॉइड औषधेही अनेक जातभाईंनी पचवली. त्यात माणसांचा प्रवास वाढला, बॅगांतून ढेकूणही हिंडू लागले. २०२३ मध्ये तर पॅरिससारख्या शहराची त्यांनी झोप उडवली.

तेव्हा ढेकूण म्हणजे गलिच्छपणा, हा समज सोडून द्यावा. त्याला घाण नको, रक्त हवे. पंचतंत्रात राजाला चावून ढेकूण निसटतो आणि जीव जातो बिचाऱ्या उवेचा. आपल्या घरातही ठपका येतो तो कामवाल्या बाईंवर, नाहीतर गावाहून आलेल्या पाहुण्यावर. मीही भाच्याच्या बॅगेकडे संशयाने पाहिले. त्याच्या ते लक्षात आले. तो त्यानंतर आमच्याकडे राहायला आलेला नाही.

उपाय चिकाटीचे आहेत. बॅटरी घेऊन गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, भिंतीच्या फटी पाहाव्यात. काळे ठिपके ही त्यांची खूण. चादरी-अभ्रे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. सांध्यांवर वाफ द्यावी. पलंग भिंतीपासून दूर ठेवावा, अडगळ कमी करावी. जाड गादीला नुसते ऊन पुरत नाही. आतले ढेकूण सुखरूप राहतात. औषध मारायचे तर जाणकाराकडूनच, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. कारण अंडी पहिल्या फवारणीतून वाचतात आणि आठ-दहा दिवसांत फुटतात. ढेकूण उपाशीपोटी काही महिने काढू शकतो, म्हणून खोली बंद ठेवून काही साधत नाही. आणि शेतातली किंवा धान्यात ठेवायची विषारी औषधे झोपायच्या खोलीत कदापि वापरू नयेत. ढेकणामुळे रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. अशा औषधाने मात्र माणसे दगावतात.

पण एकट्याने लढून उपयोग नाही. आपण फवारले की ढेकूण वायरींच्या भोकांतून शेजारी जातो, शेजाऱ्याने फवारले की परत येतो. चाळीला हे कुणी शिकवले नव्हते, तरी ठाऊक होते.

काल वहिनींनी आणि मी मिळून सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली, खाली दोघांच्या सह्या केल्या. संध्याकाळपर्यंत आणखी चार घरांच्या सह्या झाल्या होत्या. आता भाच्याला पत्र लिहायचे आहे.